पावण्याची ओटी

तिच्याकडे यायचं तर वाकावंच लागायचं. वळचण एवढी खाली उतरलेली, की ताठ मानेनं आलेल्या माणसाचं कपाळ वाशाच्या टोकावर आपटायचंच. वाकून आत आलं की काळ्या दगडाच्या तीन पायऱ्या, कमरेएवढं जोतं, आणि वर ती पसरलेली. घराच्या पूर्ण लांबीची, माणसाला आडवं होऊन पाय लांब करता येतील एवढी रुंद. पुढं सागाचे चार खांब, प्रत्येकाच्या पायाशी घडीव तळखडा. उजवीकडच्या भिंतीत दिव्याचा कोनाडा. त्याच्यावरची काजळी कितीही चुना मारला तरी पुन्हा वर यायची. डावीकडं झोपाळ्याच्या कड्या. जमीन शेणानं सारवलेली, आणि कोण कुठं बसतं ते तिच्यावर उमटलेलं. कोपऱ्यातल्या खांबाला टेकून बसायची जागा बाकीच्यांपेक्षा जरा खोलगट होती. तिथं गेलेले आजोबा बसायचे, असं मला सांगण्यात आलं. मी त्यांना कधी पाहिलं नाही, पण त्यांची बैठक मला ठाऊक होती.

ही ओटी पावणे गावातली. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी, शेजारून ठाणे-बेलापूर रस्ता आणि चहूबाजूंनी कारखाने, अशा ठिकाणचं हे आगऱ्यांचं गाव. आम्ही इथले नव्हे. वडील साताऱ्याकडून आले, एका रासायनिक कारखान्यात लागले आणि या घराच्या पाठीमागं काढलेली खोली त्यांनी भाड्यानं घेतली. खोलीत चौघं झोपलो की दार उघडायला जागा उरायची नाही. त्यामुळं माझं बालपण ओटीवर गेलं.

घरच्या आजीला सगळं गाव बय म्हणायचं, आम्हीही बयच म्हणू लागलो. पहिल्या दिवशी मी अंगणात ट्रंकेला धरून उभा होतो. "इकरं ये न बाला, बस ओटीवं," ती म्हणाली. तेवढ्यावर माझं त्या गावाशी जुळलं. गावाच्या नावाचा उगम काय असेल तो असो. आमच्याकडं पावणा म्हणजे पाहुणा, आणि पावणे नावाच्या गावात मला बसायची जागा पहिल्याच दिवशी मिळाली, याचं अजून अप्रूप वाटतं.

ओटीचा स्वभाव कळायला मला बरीच वर्षं लागली. छप्पर तिला घरानं दिलेलं, पण तोंड तिचं आळीकडं. तिला दार नव्हतं, कडी नव्हती. माजघरात जायचं तर नातं लागायचं. ओटीवर बसायला नुसती तहान पुरायची. पोस्टमन बसायचा, बोहारीण बसायची, पहिल्या पाळीहून सुटलेले कामगार पायांतले जड बूट काढून घटकाभर टेकायचे. बय कुणालाही "कुनाकरं आलास?" असं लगेच विचारत नसे. आधी तांब्या यायचा.

खाडीवरून आलेली टोपली आधी तिच्यावर उतरायची. निवट्या, चिंबोऱ्या, पावसाच्या सुरुवातीला कोलीम. वाटे तिथंच पडायचे, आणि आमच्या खोलीचा एक वाटा त्यात धरलेला असायचा. माझ्या आईला पहिली दोन वर्षं त्या मासळीचा वास सोसवत नव्हता. नंतर तीच ओटीवर पाय पसरून बयेबरोबर सुकट निवडायला बसू लागली. साताऱ्याची बाई आगरी बोली तिथं शिकली, आणि बय आमच्या भाकरीला नावं ठेवता ठेवता ज्वारीची भाकरी खाऊ लागली.

लग्न ठरलं की ओटीचं रूप पालटायचं. हळदीच्या रात्री धवलारीण येऊन बसायची. आगऱ्यांच्या लग्नात विधी तिच्या शब्दानं चालतात. ती धवले गायला लागली की घरातला कर्ता पुरुषसुद्धा खांबाच्या पलीकडं हात बांधून उभा. अशा वेळी एकट्या ओटीचं भागत नसे. शेजारच्या घराची ओटी, तिच्या पलीकडची, समोरच्या दोन, सगळ्या एका लग्नाच्या व्हायच्या. एकीवर तांदूळ निवडायचे, दुसरीवर पाहुण्यांच्या गोधड्या, तिसरीवर म्हातारे. बाईची ओटी नारळ-तांदळांनी भरतात. या ओट्या माणसांनी भरायच्या. माणूस गेल्यावर त्याला आंघोळ घालून ठेवायचे तेही ओटीवरच, आणि त्या दिवशी आळीतल्या कुठल्याच ओटीवर कुणी झोपाळा हलवत नसे.

१९८४च्या जानेवारीत उरणच्या बाजूला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीसाठी आंदोलन पेटलं. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. ती बातमी आली त्या संध्याकाळी आमच्या ओटीवर एवढी माणसं बसली होती, की पायऱ्यासुद्धा दिसत नव्हत्या. कुणी बोलत नव्हतं. रेडिओ कोनाड्यात ठेवला होता. मी लहान होतो, मला जमीन म्हणजे काय ते कळत नव्हतं. पण एवढी माणसं गप्प बसू शकतात हे मी तिथं पाहिलं.

पाऊस हा तिचा ऋतू. कौलांवरून उतरलेलं पाणी वळचणीच्या कडेनं पागोळ्या होऊन पडायचं आणि अंगणात एका ओळीत खळगे पाडायचं. पागोळ्यांच्या आत बसलं की बाहेरचं जग काचेपलीकडं असल्यासारखं दिसे. ती कौलं मंगलोरी. १८६५ साली बासेल मिशनच्या लोकांनी मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, आणि एकमेकांत अडकणारी ही चपटी कौलं पुढं सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. त्याआधी घरावर नळीची कौलं होती, असं बय सांगायची; जुनी नळीची कौलं न्हाणीच्या आडोशाला रचून ठेवलेली मी पाहिली आहेत.

या छपराला दर वर्षी माणूस लागतो, हे मात्र खरं. वैशाखात शाकारणी करायची. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, कुजलेल्या रिपा बदलायच्या, आढ्यावरचे कोने पुन्हा बसवायचे. ते करणारे दोघे भाऊ होते. त्यांची मुलं कारखान्यात लागली, आणि मग शाकारणीला माणूस मिळेनासा झाला. एक पावसाळा ओटी गळली. दुसऱ्या पावसाळ्यात वाशाला वाळवी लागली. स्लॅब टाकणाऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण स्लॅबला दर वैशाखात वर चढणारा माणूस लागत नाही, आणि म्हातारपणी एकट्या बाईला हा फरक फार मोठा असतो.

तरी माझ्या मते तिला पावसानं मारलं नाही, वाळवीनंही नाही. तिला रस्त्यानं बुडवलं. आळीत आधी माती होती, मग खडी आली, मग डांबर, मग काँक्रीट. दर वेळी जुना थर न उकरता त्याच्यावर नवा. प्रत्येक कामानंतर एक पायरी कमी व्हायची. तीनाच्या दोन झाल्या, दोनाची एक. कमरेएवढं जोतं गुडघ्यावर आलं, मग घोट्यावर. खाडीच्या उधाणाचा अंदाज घेऊन ज्या पूर्वजांनी जोत्याची उंची ठरवली होती त्यांचा हिशोब बरोबर होता. आपण जमीनच वर उचलली. एका जुलैत रस्त्याचं पाणी ओटीवर चढलं आणि उंबरा ओलांडून माजघरात गेलं. भाताच्या कणगीखाली ओल आली. कणगी तशीही रिकामीच होती.

रिकामी का, ते सांगितलं पाहिजे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि पुढच्या काळात ठाणे-बेलापूर पट्ट्यातली शेतं, खाजणं कारखान्यांसाठी गेली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई हे नवं शहर बसवायचं ठरलं. गावठाण तेवढं वगळलं. गावठाण म्हणजे नकाशावरची एक रेष. महसूल कायद्याच्या १२२व्या कलमानं जिल्हाधिकारी ती ठरवतात. रेषेच्या आत घरं, बाहेर शेती. जेव्हा ती ओढली तेव्हा आतल्या घरांना पुरत होती. पुढं माणसं वाढली, रेष तिथंच राहिली. मग मुलांनी रेषेबाहेर घरं बांधली, त्यांना 'गरजेपोटी बांधलेली घरं' हे नाव पडलं, आणि ती नियमित करण्यासाठी झगडा सुरू झाला. २०१०च्या शासननिर्णयात गावठाणापासून २०० मीटर धरले, २०२२च्या निर्णयात २५०.

हा झगडा न्याय्य आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे. पण त्यात एक गोष्ट राहून गेली. इतकी वर्षं सगळं भांडण रेषेच्या बाहेर काय द्यायचं यावर चाललं. रेषेच्या आत काय आहे, हे मोजायला कुणी बसलं नाही. शहराच्या नावातच 'नवी' असल्यामुळं इथं जुनं काही असेल अशी कुणाची अपेक्षाही नसते. वारसा म्हटलं की बेलापूरच्या किल्ल्याचं नाव निघतं. किल्ल्यात माझ्या ओळखीचं कुणी राहत नव्हतं.

आमच्या ओटीच्या डाव्या हाताचं घर आधी पडलं. तिथं तीन मजले चढले आणि ओटीच्या जागी दुकानाचे गाळे आले. उजवीकडच्या घरानं ओटीला विटांची भिंत घालून आणखी एक भाड्याची खोली काढली. समोरची एक मोटारसायकली उभ्या करायच्या कामाची झाली. आमची ओटी मधे तशीच होती, खांब, कोनाडा, कड्या, सगळं जागेवर. पण तिच्यावर बसलं की समोर शटर दिसायचं. आळीतून जाणाऱ्याला हाक मारायला पलीकडच्या ओटीवर कुणी नव्हतं. तेव्हा मला कळलं, की ओटी एकटी जगत नाही. तिला ओळ लागते.

म्हणून एकेक जुनं घर निवडून त्याला पाटी लावण्यावर माझा फारसा भरवसा नाही. जपायची तर आळी जपली पाहिजे. कायद्यात याला वारसा परिसर म्हणतात. मुंबईनं १९९५ साली वारसा जतनाची नियमावली केली, देशातली अशी पहिली. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या आधारानं ती उभी राहिली. तिच्यात सुट्या इमारतींबरोबर संपूर्ण परिसरांचाही समावेश झाला आणि तीन श्रेण्या ठरल्या. तिसरी श्रेणी मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. फार मोठं शिल्प नसेल, पण ज्यानं वस्तीला तिचा चेहरा मिळतो, एखाद्या समाजाची राहणी ज्यातून दिसते, अशा वास्तू आणि परिसर त्या श्रेणीत येतात. हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढं आगऱ्याची ओटी नसेल, पण वर्णन तिचंच आहे. शिवाय या श्रेणीत आतून-बाहेरून बदल करायला वाव आहे, वापर बदलायलाही आहे. २०२०च्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा जतनाची तरतूद आहे. म्हणजे वाट नव्यानं पाडायची नाही.

बाहेर तर हे फार आधी सुरू झालं. अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहरानं १९३१ साली आपल्या जुन्या वस्तीभोवती रेष ओढली आणि आतल्या घरांच्या बाहेरच्या रूपात बदल करायचा तर तो एका मंडळापुढं ठेवायची पद्धत घातली. फ्रान्सनं १९६२ साली कायदा केला आणि १९६४ साली ल्यों शहराचा जुना भाग त्याखाली पहिला आला. पण मला जवळची वाटते ती गिरगावातली खोताची वाडी. तिथं लाकडी जिने आहेत, पुढं व्हरांडे आहेत, माणसं ये-जा करणाऱ्याशी बोलतात. यादीत नाव येऊनही तिथली जुनी घरं निम्म्याहून कमी उरली. नुसत्या यादीनं घर उभं राहत नाही, एवढं ती वाडी शिकवते. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये जुनी घरं टिकली, कारण त्यांत राहून माणसांना पोट भरता आलं.

हे सगळं मी बयेच्या मुलाला सांगितलं. तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणतो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जमीन कारखान्यांत गेली. खारी भरावानं गेली. रायला घर. आता त्याच्यावं पन तुमचा कागद?"

मला उत्तर सुचलं नाही. आजही त्याच्या प्रश्नाला बाजूला सारून या विषयावर बोलणं मला अप्रामाणिक वाटतं. ज्याचं सगळं एका रेषेनं नेलं त्याच्याकडं दुसरी रेष घेऊन जाताना आधी हातात काहीतरी द्यावं लागेल. आधी घराची मिळकत पत्रिका. गावठाणांचं नीट सर्वेक्षण करा, घर कुणाचं ते कागदावर आणा, ही मागणी गावांनी वर्षानुवर्षं केली आहे. त्याच्या आधी वारसा परिसराची नोटीस गेली तर लोकांना ती दुसरं भूसंपादनच वाटेल. मग विकास हक्क. वारशामुळं ज्याला वर मजले चढवता येत नाहीत त्याला ते हक्क दुसरीकडं वापरता किंवा विकता यावेत, हे तत्त्व मुंबईच्या नियमावलीत आहेच. दादाच्या दोन मुलांची लग्नं व्हायची आहेत, भाड्याच्या खोल्यांवर घर चालतं. त्याला पाठीमागं वाढू द्या. पुढची ओटी, वळचण आणि जोतं राहू द्या, मागं परसात दोन मजले चढू द्या. आळीतून चालणाऱ्याला पुढचंच दिसतं, आणि जपायचं आहे तेही पुढचंच. शाकारणीला पैसे आणि माणूस द्या. चार तरुण शिकवले तर सगळ्या गावठाणांना पुरतील. आणि मला विचाराल तर या परिसराच्या नियमांत पहिलं कलम घरांबद्दल नसावंच. जुना थर उकरल्याशिवाय नवा रस्ता करायचा नाही, हे पहिलं कलम असावं.

हे सगळं व्हायला वेळ लागेल, पण वाट पाहायलाही वेळ उरलेला नाही. विमानतळासाठी पनवेलच्या बाजूची उलवे, तरघर, चिंचपाडा, कोल्ही, वाघिवली अशी दहा गावठाणं उठली. तिथल्या लोकांना प्लॉट मिळाले, नवी घरं झाली. गावठाण उठलं की खांब सोबत नेता येतात, कौलं नेता येतात. समोरचं घर नेता येत नाही.

यंदा गणपतीत मी गेलो होतो. बय आता नाही. पायऱ्या नाहीत, रस्त्यावरून पाऊल उचललं की थेट ओटीवर पडतं. सारवण जाऊन शहाबादी फरशी आली आहे, छपरावर एका बाजूला पत्रा आहे. पण वळचण तीच, वाकावं लागलंच. कोपऱ्यातल्या खांबापाशी दादाची नात पाटी घेऊन बसली होती. मी पलीकडं टेकलो. खिशातून मापाची फीत काढली तेव्हा दादानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग दुसरं टोक स्वतः धरलं. लांबी घेतली, रुंदी घेतली, खांबांमधली अंतरं घेतली. जोत्याची उंची मोजायला गेलो तर रस्त्यापासून चार बोटं भरली. दादा म्हणाला, "खालचं पन लिव. गारलेल्या तीन पायऱ्या लिव." त्या मी लिहिल्या.

पावणे, तुर्भे, बोनकोडे, खैरणे, घणसोली, गोठिवली, दिवाळे, कुठल्याही गावठाणात तुमची किंवा तुमच्या मामाची ओटी शिल्लक असेल, तर या दिवाळीत तिचं माप घ्या. खांब किती, कौलं कसली, जोतं रस्त्यापासून किती वर, पायऱ्या किती गाडल्या गेल्या, सगळं लिहा. फोटो आळीच्या टोकाला उभं राहून काढा, म्हणजे शेजारच्या ओट्याही त्यात येतील. अर्ज महापालिका आयुक्तांच्या नावे करायचा. त्यावर एका घराची सही घेऊन थांबू नका, आळीतल्या सगळ्यांच्या घ्या.